फाइल फुगली, गाणं तेवढंच!

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी 'ऑडिओफाइल' असतोच. त्याच्या लॅपटॉपवर प्लेअर उघडला की गाण्याआधी प्लग-इन्सची रांग दिसते. एक अपसॅम्पलर, एक 'ट्यूब साउंड', एक बास बूस्टर, शिवाय एक '३-डी इफेक्ट'. खाली '१९२ किलोहर्ट्झ, २४ बिट' असे आकडे झळकत असतात आणि गाणं म्हणाल तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली १२८ केबीपीएसची एमपी-३! "ऐक ना, काय क्लॅरिटी आहे!" असं तो म्हणतो आणि आपणही मान डोलावतो, कारण हेडफोन त्याचा असतो.

मित्रांनो, चेष्टा बाजूला ठेवू, पण यामागचा प्रश्न खरा आहे. गाण्याची फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेली की नेमकं काय होतं? प्लग-इन लावल्यावर काय सुधारतं आणि काय बिघडतं? डीएसपीच्या पेपरात सॅम्पलिंग, क्वांटायझेशन, कॉन्व्होल्यूशन यावर आपण पानंच्या पानं लिहितो, पण तीच मंडळी आपल्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये भेटली की ओळख दाखवत नाही. या लेखात ती ओळख करून द्यायची आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: रूपांतराने फाइल मोठी होते, तिच्यातली माहिती मोठी होत नाही. काही रूपांतरं परत फिरवता येतात, काही नाही. हा फरक न ओळखल्यामुळे आमच्या संगीत मंडळाचं जे नुकसान झालं, तेही पुढे येईलच.

आधी आकडे

सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यावर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. सॅम्पलिंग थिअरम आपण सगळ्यांनीच घोकलंय: जी सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी हवी, तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्या. माणसाचा कान तरुणपणी साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. ४४.१ चं निम्मं २२.०५, म्हणजे वर फिल्टरसाठी थोडी जागा ठेवून सगळं बसलं.

पण नेमके ४४,१०० च का? त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. ६० फील्डच्या पद्धतीत एका फील्डमध्ये वापरता येतील अशा २४५ रेषा आणि एका रेषेवर ३ नमुने. ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपातल्या ५० फील्डच्या पद्धतीत ५० × २९४ × ३, उत्तर पुन्हा तेच! ओरलला हा प्रश्न आला तर आमची आठवण काढा.

बिटचं गणित सोपं आहे. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलची डायनॅमिक रेंज मिळते. १६ बिटला ९६ डेसिबल, २४ बिटला १४४. यापैकी १४४ चा आकडा कागदावरच राहतो, कारण सर्किटमधला स्वतःचा नॉइज त्याच्या आधीच आडवा येतो. सीडीपेक्षा वरचं जे काही असेल, म्हणजे २४ बिट आणि ४८, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, त्याला ढोबळमानाने 'हाय-रेझ' म्हणतात.

जागेचा हिशेबही बघून घेऊ. एक तासाचं स्टिरिओ संगीत १२८ केबीपीएस एमपी-३ मध्ये सुमारे ५८ एमबी होतं. सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं, सुमारे ६३५ एमबी. आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ म्हणजे जवळजवळ ४.१५ जीबी! एवढी जागा ज्याच्यासाठी द्यायची, ते त्या फाइलमध्ये आहे की नाही हे बघायला नको का?

रूपांतराचे तीन प्रकार

पहिला प्रकार: परत फिरवता येणारा. वेव्ह फाइलचं फ्लॅक केलं तर ती साधारण निम्मी-पाऊण होते, पण उलट केलं की बिटन् बिट तीच वेव्ह मिळते. झिप फाइलसारखंच, फक्त आवाजासाठी खास बनवलेलं. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये आली, ती कुणालाही फुकट वापरता येते, आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एमडी-५ चेकसम ठेवायची सोय तिच्यात आहे. त्यामुळे कॉपी करताना काही बिघडलंय का, हे तपासता येतं. हे रूपांतर कितीही वेळा करा, काही जात नाही.

दुसरा प्रकार: परत न फिरणारा. एमपी-३, एएसी, ऑग यांचा हा धंदा. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही, याचा फायदा घेऊन ते बरीच माहिती टाकून देतात. टाकलेलं ते टाकलेलं. एमपी-३ चं पुन्हा एमपी-३ केलं तर आधीच कापलेल्यातून पुन्हा कापलं जातं. एमपी-३ चं फ्लॅक केलं तर? कापलेलं गाणं मोठ्या डब्यात भरलं, एवढंच.

तिसरा प्रकार: सॅम्पल रेट किंवा बिट बदलणं. ४४.१ चं १९२ केलं तर जुन्या नमुन्यांवरून मधले नवे नमुने गणिताने काढले जातात. २२.०५ किलोहर्ट्झच्या वर काही नव्हतंच, ते येणार कुठून? ताकात पाणी घातलं तर ताक वाढतं, लोणी नाही वाढत. आमच्या मेसवाल्या काकांना हे कधीचंच माहीत आहे. उलट दिशेने, म्हणजे १९२ चं ४४.१ करताना, वरचा भाग खरोखरच कापला जातो. तो आधी फिल्टरने नीट कापला नाही तर एलियासिंग होऊन ऐकू येणाऱ्या भागात घुसतो.

फसवणूक ओळखायची तर 'स्पेक' नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे. तो फाइलचा स्पेक्ट्रोग्राम काढून दाखवतो. १२८ केबीपीएसला बहुतेक एन्कोडर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं छाटतात. त्यामुळे नाव 'हाय-रेझ' आणि चित्रात १६ च्या वर सरळ रेषेत काळोख दिसला, तर संशय घ्यायला हरकत नाही. अर्थात जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचं काही नसू शकतं, तेव्हा लगेच भांडायला जाऊ नका!

कॅसेटचं काय झालं

आता ते नुकसान. संगीत मंडळाच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या जुन्या कॅसेट्स होत्या. त्यात नाट्यगीतं होती, एक पूर्ण भजनसंध्या होती, आणि निवृत्त झालेल्या एका लॅब असिस्टंट काकांची तबल्याची साथ होती. आमच्या आधीच्या एका बॅचने त्या उसनवारीच्या डेकवर वाजवून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्हमध्ये उतरवल्या. काम उत्तम होतं. २४ बिटचा खरा उपयोग इथेच आहे: रेकॉर्ड करताना लेव्हल थोडी खाली ठेवली तरी चालतं, शिखरं क्लिप होत नाहीत आणि खालचे बारीक स्वर क्वांटायझेशनमध्ये हरवत नाहीत. काम झालं म्हणून कॅसेट्स रद्दीत गेल्या.

पुढे डिस्क भरली. कुणीतरी जागा करायला सगळ्या वेव्ह फाइल्सचं १२८ केबीपीएस एमपी-३ केलं आणि मूळ फाइल्स उडवल्या. त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी, चांगल्या हेतूनेच, 'क्वालिटी वाढवायला' त्या एमपी-३ चं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ फ्लॅक केलं आणि एमपी-३ ही उडवल्या. आम्ही डिस्क ताब्यात घेतली तेव्हा फोल्डरचं नाव होतं 'हाय-रेझ मास्टर्स'!

ऐकायला लागलो तर टाळ्यांचा कडकडाट पाण्याखालून आल्यासारखा. तानपुऱ्याची जवारी मध्येच चमकते, मध्येच विझते. टाळ्या आणि टेपची हिस्स यांत सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम असतात, म्हणून कमी बिटरेटच्या एमपी-३ ला त्या फार जड जातात. यापेक्षा वाईट म्हणजे हिस्स काढायचा रस्ताही बंद झाला. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शन करताना आधी नुसत्या हिस्सचा तुकडा दाखवावा लागतो. त्यावरून तो हिस्सचा अंदाज बांधतो आणि तेवढी वजा करतो. पण हे जमायला हिस्स सगळीकडे सारखी हवी. एमपी-३ ने ती क्षणाक्षणाला वेगळी करून ठेवली होती. मूळ वेव्ह असती तर निदान प्रयत्न करता आला असता. आता त्या तबल्याची एवढीच प्रत शिल्लक आहे.

दोघांपैकी कुणाचंही मन वाईट नव्हतं. दुसरा प्रकार परत फिरत नाही आणि तिसरा प्रकार भर घालत नाही, एवढी दोनच वाक्यं त्यांना कुणी सांगितली नव्हती.

प्लेअरपासून कानापर्यंत

फाइल चांगली आहे असं धरू. ती वाजवताना वाटेत काय घडतं? विंडोजमध्ये नेहमीच्या पद्धतीने वाजवलं तर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका मिक्सरमध्ये येतात आणि कंट्रोल पॅनेलमध्ये जो एक रेट ठरवलाय, त्यात बदलले जातात. तिथे ४८ असेल तर तुमचं ४४.१ चं गाणं गुपचूप ४८ होतं. हे गुणोत्तर १६०/१४७, म्हणजे सरळ दुप्पट-तिप्पट नव्हे. बऱ्यापैकी गणित करावं लागतं. ते टाळायचं असेल तर प्लेअरमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' हा पर्याय निवडतात. मग मिक्सर बाजूला होतो आणि नमुने जसेच्या तसे डॅककडे जातात. (तेवढा वेळ दुसऱ्या प्रोग्रॅमचा आवाज बंद, त्यामुळे ऑनलाइन लेक्चरच्या वेळी जपून!) काही डॅकसोबत स्टाइनबर्ग कंपनीच्या 'आसिओ' पद्धतीचा ड्रायव्हर येतो, त्याचाही उपयोग हाच.

अपसॅम्पलर प्लग-इन मग अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. डॅकला एखादा रेट चालतच नसेल, तर सॉक्ससारखा चांगला रीसॅम्पलर वापरणं योग्यच. त्याच्या चुका इतक्या खाली असतात की कानाला कळायचा प्रश्नच नाही. पण बहुतेक डॅक आत स्वतःच ओव्हरसॅम्पलिंग करतात. तेव्हा प्लग-इनने ते काम डॅककडून काढून लॅपटॉपला दिलं, एवढाच फरक. लॅपटॉपचा पंखा मात्र घरघरायला लागतो!

एक सावधगिरी. हल्लीची गाणी इतकी मोठ्या लेव्हलला बनवतात की नमुने कमाल मर्यादेला टेकलेले असतात. दोन नमुन्यांच्या मधलं खरं शिखर मर्यादेच्याही वर जाऊ शकतं. अपसॅम्पल करताना नेमकं तेच शिखर नमुना बनतं आणि क्लिप होतं. म्हणून रीसॅम्पलरच्या आधी आवाज ३ डेसिबल खाली घ्या.

डीएसडीची गंमत

सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. तिच्यात नमुना फक्त १ बिटचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट. याला डीएसडी म्हणतात. एका बिटचा प्रचंड क्वांटायझेशन नॉइज नॉइज शेपिंगने ऐकू येण्याच्या पट्ट्याबाहेर ढकलून दिलेला असतो.

आता एका बिटला ०.७ ने गुणायचं कसं? उत्तर पुन्हा एका बिटात बसत नाही. म्हणूनच व्हॉल्यूम, इक्वलायझर, क्रॉसफीड असं काहीही लावायचं असेल तर प्लेअर आधी डीएसडीचं पीसीएम करतो. ते रूपांतर चांगलं होऊ शकतं, पण बिटन् बिट परत फिरत नाही. काहीही न लावता डीएसडी तसंच पाठवायचं तर 'डीओपी' नावाची युक्ती आहे. २४ बिटच्या पीसीएम नमुन्यात खालच्या १६ बिटांत डीएसडीचे १६ बिट भरतात आणि वरच्या ८ बिटांत खूण ठेवतात, हेक्समध्ये एकदा ०५, एकदा एफए, आळीपाळीने. २८,२२,४०० भागिले १६ म्हणजे १,७६,४००. म्हणून डीएसडी वाजताना डॅकवर कधी कधी १७६.४ दिसतं. डॅक खूण ओळखतो आणि आतला माल बाहेर काढतो.

आणि कुणी प्लेअरचा व्हॉल्यूम जरासा हलवला तर? सगळे नमुने गुणले गेले, खूण मोडली, डॅकला ते साधं पीसीएम वाटलं, आणि गाण्याऐवजी नुसती हिस्स! पाकीट नीट पोचलं, पण वाटेत पोस्टमनने आतलं पत्र 'सुधारून' ठेवलं, असा हा प्रकार. डीओपी वापरताना व्हॉल्यूम डॅकवर किंवा अॅम्प्लिफायरवर कमी-जास्त करायचा, हा नियम.

कामाची प्लग-इन्स

प्लग-इन म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. मला स्वतःला चार उपयोगी वाटतात.

पहिलं रीप्लेगेन. ते गाण्याची लेव्हल मोजून आकडा टॅगमध्ये लिहितं, आवाजाच्या डेटाला हात लावत नाही. जुनं गाणं हळू आणि पुढचं एकदम अंगावर, हे थांबतं. रात्री दोन वाजता रूममेटशी संबंध टिकवायला याहून चांगलं साधन नाही.

दुसरं इक्वलायझर. स्वस्त हेडफोनमधला खालचा किंवा वरचा असमतोल यानेच सुधारतो. फक्त लक्षात ठेवा, ६ डेसिबल वाढवलं म्हणजे अॅम्प्लिट्यूड दुप्पट. तेव्हा आधी तेवढंच खाली घ्या, नाहीतर क्लिपिंग ठरलेलं.

तिसरं क्रॉसफीड. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही थोडा, किंचित उशिरा पोचतो. हेडफोनवर तो अजिबात पोचत नाही. जुन्या स्टिरिओ गाण्यांत तबला एका कानात आणि गायक दुसऱ्यात असा छळ होतो, तो याने कमी होतो.

चौथं कॉन्व्होल्व्हर. स्पीकर आणि खोली यांचा इम्पल्स रिस्पॉन्स मोजा, त्यावरून दुरुस्तीचा फिल्टर बनवा आणि प्रत्येक गाणं त्यातून काढा. सिग्नल्स अँड सिस्टिम्समधलं रटाळ वाटणारं कॉन्व्होल्यूशन प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर हा उत्तम प्रयोग आहे. ज्युनिअर्सनी मिनी प्रोजेक्ट म्हणून जरूर घ्यावा.

ही गणितं फ्लोटिंग पॉइंटमध्ये होतात. ३२ बिट फ्लोटमध्ये २४ बिटचा नमुना तंतोतंत बसतो, म्हणून मधल्या पायऱ्यांत काळजी नाही. काळजी शेवटच्या पायरीला. पुन्हा १६ बिट करायचे असतील तर डिदर लावा, म्हणजे अगदी बारीक रँडम नॉइज मिसळा. नॉइज मिसळून आवाज सुधारतो? हो! डिदर नसेल तर गोल करण्याची चूक सिग्नलच्या तालावर नाचते आणि शेवटी विरत जाणाऱ्या स्वराला कर्कश खरखर चिकटते. डिदरने तिची नुसती हलकी, एकसारखी हिस्स होते, जी कान विसरून जातो.

आणि हो, एवढं सगळं करून शेवटी ब्लूटूथ इअरबड लावणार असाल तर एसबीसी किंवा एएसीसारखा कोडेक त्याचं पुन्हा दुसऱ्या प्रकारचं रूपांतर करणारच. १९२ ची फाइल ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे डेअरीतून ताजं दूध आणून त्यात पावडरचा चहा करणं.

पण ऐकू येतं का?

यावर भांडण्यापेक्षा मोजलेलं बघू. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझ डिस्क वाजवताना मध्येच आवाज १६ बिट, ४४.१ च्या वाटेने काढला आणि ऐकणाऱ्यांना फरक ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचे साडेबारा हजारांवर प्रयत्न एकत्र केले, तेव्हा सरासरी ५२.३ टक्के आली. म्हणजे फरक असलाच तर फार थोडा.

स्वतः बघायचं असेल तर फूबार २००० या फुकट प्लेअरला एबीएक्स नावाचा कंपोनंट जोडता येतो. कुठली फाइल वाजतेय ते न कळता १६ वेळा ओळखायचं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते, तेव्हा १२ आले तर मानायला हरकत नाही. दोन्हींची लेव्हल सारखी ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं आपल्याला नेहमी 'चांगलं' वाटतं. बहुतेक प्लग-इन्सची जादू तिथेच असते.

तर मंडळी, ऐकताना काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. प्लग-इन बंद केलं की मूळ गाणं परत मिळतं, काही बिघडत नाही. साठवताना मात्र तसं नसतं. मूळ फाइल फ्लॅकमध्ये, ज्या रेटला रेकॉर्ड झाली त्याच रेटला ठेवा; मोबाइलसाठी हवी तर वेगळी एमपी-३ काढा; आणि 'डिलीट' दाबण्याआधी विचारा की या फाइलपासून ती फाइल परत बनेल का? 'नाही' उत्तर आलं तर जागा दुसरीकडे शोधा.

संगीत मंडळाच्या डिस्कवर आता मूळ फाइल्सचा फोल्डर फक्त वाचता येईल असा लॉक केलाय आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. जुन्या स्नेहसंमेलनाची एखादी कॅसेट कुणा माजी विद्यार्थ्याच्या किंवा स्टाफपैकी कुणाच्या घरी माळ्यावर पडली असेल तर कृपया कळवा. डेकची व्यवस्था आम्ही करू. कॅसेट वाजवून झाली की तुम्हाला परत मिळेल, रद्दीत जाणार नाही.